माती वाळेपर्यंत

शाडूचं पोतं फोडलं की आधी धूळ उडते. भावनगरकडून आलेली ही फिकट राखाडी माती पिंपात ओतायची, पाणी सोडायचं, रात्रभर मुरू द्यायची आणि सकाळी उपसून मळायला घ्यायची. मळण्याचं काम नव्या मुलांकडे असतं. पुनावळ्यातल्या या पत्र्याच्या शेडमध्ये जूनच्या सुरुवातीला शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आज ना उद्या हातात कोरणी पडेल. पडत नाही. पहिला पंधरवडा नुसती माती. तळहाताच्या टाचेनं दाबायची, दुमडायची, पुन्हा दाबायची. मग गोळा तारेनं मधोमध कापून आत हवेचा बुडबुडा राहिलाय का ते बघायचं. राहिला असेल तर शेडचे मूर्तिकार काका काही बोलत नाहीत, फक्त दोन्ही अर्धे पुन्हा एकमेकांवर आपटतात. मुलाला कळतं, परत पहिल्यापासून.

पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, पण त्याचं शहर झालं ते अलीकडे. महामार्गाखालच्या अंडरपासमध्ये रोज संध्याकाळी अडकणाऱ्या गाड्यांत हिंजवडीचे आयटीवाले असतात, तळेगाव-चाकणच्या पाळ्यांवरून परतणारे कामगार असतात आणि बाजूच्या ताथवड्यातल्या कॉलेजांची मुलंही. दोन टॉवरांच्या मधे एका शेतकऱ्याचा अजून न विकलेला तुकडा आहे. ही शेड त्याच तुकड्यावर, भाड्यानं. काका मूळचे पेणकडचे. लहानपणी हमरापुरातल्या कारखान्यांत हात बसला, पुढे भोसरीच्या एका पॅटर्न शॉपमध्ये नोकरी केली, आणि पन्नाशीनंतर पुन्हा गणपतीकडे वळले. शिकवणीचा बोर्ड त्यांनी लावलेला नाही. मुलं येतात, काम करतात. राहतील ती राहतील.

त्या पावसाळ्यात आलेल्यांत तिघं होती. अकरावीतली एक मुलगी, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ‘ए’ ग्रेड मिळालेली. एक मुलगा आयटीआयचा, टूल अँड डायचा. आणि अ‍ॅनिमेशनचा डिप्लोमा करणारा एक, ज्याच्या लॅपटॉपवर थ्रीडी गणपती आधीच तयार होता. तो चारही बाजूंनी फिरत होता आणि त्याला अजिबात तडा जात नव्हता.

तडा हा इथला खरा शिक्षक. दीड फुटाच्या मूर्तीत पोट जाड असतं, सोंड बारीक. बारीक भाग आधी वाळतो, वाळला की आकसतो, आणि ओल्या पोटापासून सुटू बघतो. भेग जिथे सोंड चेहऱ्याला मिळते तिथे पडते, किंवा मनगटाशी, म्हणजे नेमकी पाहणाऱ्याची नजर जाते तिथे. म्हणून सोंडेवर आणि बोटांवर ओलं फडकं ठेवायचं आणि पोट उघडं सोडायचं, म्हणजे सगळं अंग एका चालीनं वाळतं. पंखा मूर्तीवर थेट मारायचा नाही. ऊन तर दाखवायचंच नाही. मूर्ती वाळली का, हे डोळ्यांनी पुरतं कळत नाही. रंग फिका पडलेला असतो तरी आत ओल असते. तिला हाताची मागची बाजू लावायची. गार लागली तर अजून थांबायचं. पावसाळ्यात हे थांबणं आठ-दहा दिवस सहज चालतं. ओलीवर रंग चढवला तर तो गणपती बसायच्या आधी पोपडे धरतो.

हे सगळं मी चार वाक्यांत लिहिलं, आणि कोणीही व्हिडिओ बघून ते सांगू शकेल. मुलं इथे जे शिकतात ते निराळं आहे. ते मला एका दुपारी दिसलं.

दोन फुटांची एक मूर्ती साच्याशिवाय, हातानंच चालली होती. ऑर्डर एका सोसायटीची, मुदत ठरलेली. काकांनी चेहरा जवळजवळ संपवला होता. मुलगी शेजारी बसून कानाच्या पाळ्या घडवत होती. काका उठले, चार पावलं मागे गेले, खाली जमिनीवर बसून वर बघितलं, पुन्हा उठले. बिडी पेटवायची म्हणून काढली आणि तशीच खिशात ठेवली. असा बराच वेळ गेला. मग त्यांनी तार घेतली आणि गळ्यापासून चेहरा कापून काढला. मुलगी दचकलीच. “काका, छान होता की!” ते म्हणाले, “छान होता गं. पण तो खाली बघत होता. सोसायटीचं स्टेज चार फुटांचं. लोक खालून बघणार, आणि हा त्यांना सोडून कुठेतरी पायरीकडे बघणार.” मग थोडं थांबून, “कसा करायचा ते मला अजून नीट दिसत नाहीये. बघू.”

हे “बघू” त्या मुलीनं तोवर कुठल्याही शिक्षकाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. चित्रकलेच्या तासाला शिक्षक फळ्यावर काढून दाखवतात तेव्हा ते चित्र त्यांना आधीपासून येत असतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांना वेळ ठरलेला असतो. घंटा झाली की कागद द्यायचा. त्या परीक्षांवर माझा राग नाही. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांच्या हाती पहिला चांगला ब्रश त्यांनीच दिला. पण बरा झालेला कागद स्वतःहून फाडून टाकायचा, तोही मुदत डोक्यावर असताना, आणि पुढे काय करायचं हे ठाऊक नसताना, याला परीक्षेत गुणही नाहीत आणि जागाही नाही. काम करणाऱ्या कलावंताशेजारी बसलं की ते दिसतं. निर्णय कसा होतो, तो होण्याआधी माणूस किती वेळ नुसता उभा राहतो, आणि अर्ध्या दिवसाची मजुरी मातीत घालताना त्याचा चेहरा कसा असतो, हे सगळं समोर घडतं. माझ्या मते शिकाऊ मुलाला मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. तंत्र दुसरीकडेही मिळेल.

कापलेला चेहरा पिंपात गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच मातीचे उंदीर झाले.

आयटीआयच्या मुलाची गोष्ट वेगळ्या बाजूनं जाते. रबरी साच्याचं काम निघालं तेव्हा काका मूळ मूर्तीवर पेन्सिलीनं रेघा मारत होते: साचा कुठे दुभागायचा, वरचं प्लॅस्टरचं कवच किती तुकड्यांत करायचं. मुलगा मागे उभा होता. म्हणाला, “काका, इथे कोपराखाली अंडरकट आहे. रबर निघेल, पण कवच अडकेल. तिसरा तुकडा लागेल.” कारखान्यात डायमधून भाग सुटला पाहिजे म्हणून उताराचा कोन ठेवतात, हे तो वर्गात शिकला होता. गणपतीच्या कोपराखाली तोच प्रश्न बसलेला असेल असं मात्र त्याला वाटलं नव्हतं. काकांनी रेघ पुसली आणि त्याच्या हातात पेन्सिल दिली. भोसरीच्या पॅटर्न शॉपमध्ये काढलेली वर्षं आणि हमरापुरातलं बालपण त्या मुलाच्या एका वाक्यानं जोडली गेली असावीत. कारण त्यानंतर साच्यांचा सगळा विषय त्यांनी त्याच्यावरच सोपवला. मुलानंही मग इकडचं तिकडे नेलं. आयटीआयच्या कार्यशाळेत पॅटर्नला हातानं पॉलिश करताना आपण आता बोटांनी बघतो, असं तो सांगत होता.

अ‍ॅनिमेशनवाला पंधरवडा पुरता व्हायच्या आत गेला. माती नखांत जाते, हे त्यानं सांगितलेलं कारण. खरं कारण मला वाटतं वेगळं होतं: इथे मागचं पाऊल परत घ्यायचं बटण नाही.

असं शिकणं महाराष्ट्राला नवं नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी जे जमवलं ते आजच्या कुठल्याही अभ्यासक्रमात बसलं नसतं. ते चित्रकार, मूर्तिकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. सिनेमाचा कॅमेरा त्यांनी स्वतः तयार केला आणि ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आणला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम ही मंडळी पडेल ते काम करत होती. पडदा रंगवायचा, सेट उभा करायचा, फिल्म धुवायची, गरज पडली तर तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर जायचं. वर्ग नव्हता, पण रोज उद्याच्या चित्रीकरणाची घाई होती. १९२९ मध्ये या तिघांनी आणखी दोघांना घेऊन ‘प्रभात’ काढली, १९३३ मध्ये ती पुण्यात आली, आणि १९३६ साली दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ आला. गंमत अशी की प्रभातच्याच जागेवर पुढे १९६० मध्ये सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उघडली, म्हणजे जे शिकणं कामातून उगवलं होतं त्याच्या अंगणात वर्ग आणि वेळापत्रक आलं. इन्स्टिट्यूटनं मोठी माणसं घडवली, यात वाद नाही. पण तिथल्या चांगल्या शिक्षकांतही बरेच जण स्वतः काम करणारेच होते.

विनायकराव करमरकरांचंही तसंच. अलिबागजवळच्या सासवण्यात गणपती करणाऱ्या घरात ते जन्मले, आणि जे. जे. स्कूलमध्ये गेले ते हाताला माती लागल्यानंतर. पुण्यातला त्यांचा अश्वारूढ शिवाजी १९२८ चा आहे. घोड्याच्या पोटाखालून जाऊन बघणाऱ्याला कळतं की हा माणूस मूर्तीची मागची आणि खालची बाजू सोडणारा नव्हता.

या परंपरेची काळी बाजूही सांगायला हवी, कारण हल्ली ‘गुरुकुल’ म्हटलं की सगळ्यांचे डोळे ओलावतात. जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात. अंधाऱ्या लेण्यांत मुलांनी भिंतचित्रांच्या नकला केल्या. यापेक्षा थोर शाळा कोणती? पण १८९६-९७ ला दोन खंडांचं पुस्तक निघालं ते ग्रिफिथ्सच्या नावानं, आणि पेस्तनजी बोमनजींसारखा एखादा सोडला तर त्या मुलांची नावं आज कोण घेतो? शिकवतो म्हणून फुकट राबवणं ही जुनी खोड आहे, आणि ती साहेबापुरती नव्हती. पुनावळ्यातल्या शेडमध्येही मी हा हिशेब विचारलाच. काका म्हणाले, माती मळण्याचे पैसे नाहीत, पण मूर्तीला हात लागला की नगावर पैसे. मुलांना विचारलं, तर त्यांनीही तेच सांगितलं. आठवड्याचा हिशेब पत्र्यावर खडूनं लिहिलेला असतो, सगळ्यांना दिसेल असा.

आता सरकारी कागदही या दिशेला वळलेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, सुतार, कुंभार, चित्रकार यांच्याजवळ घालवायला. यूजीसीनं तर महाविद्यालयांत कारागीर आणि कलावंतांना ‘कलागुरू’ म्हणून नेमायची योजना मांडली. हेतू चांगला. पण दहा दिवसांत पावसाळ्यात एक मूर्ती वाळतही नाही. मुलं माती मळतील, फोटो काढतील आणि तडा पडायच्या आत शाळेत परत जातील.

याउलट चिंचवडगावातलं पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् बघावं. पद्मश्री गिरीश प्रभुणे यांनी उभ्या केलेल्या या संस्थेत भटक्या-विमुक्त समाजांतली मुलं शाळेच्या विषयांबरोबर पारंपरिक कारागिरीही शिकतात. घिसाड्याच्या पोराला भाता नवा नसतो. त्याचा बापच काम करणारा कलावंत असतो. आजवर शाळेनं त्याला एवढंच सांगितलं होतं की ते शिक्षण नव्हे.

शेवटचे दहा-बारा दिवस शेडमध्ये उभं राहायला जागा नसते. टॉवरांतली कोकणी कुटुंबं आपापले पाट आणून ठेवतात, खाली खडूनं नाव. बाकीचे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात: गेल्या वर्षीसारखीच हवी, पण पितांबर जरा वेगळा. याच दिवसांत डोळ्यांची आखणी होते. ती काका एकटे करतात, सकाळी, गाड्यांचा आवाज सुरू व्हायच्या आत. एका मूर्तीचे दोन्ही डोळे झाल्याशिवाय जागचे उठत नाहीत. मुलीला त्यांनी बघायला बसवलं होतं, ब्रश धुवायला आणि काळा रंग पाण्यात किती पातळ करायचा ते ठरवायला. रंग दाट झाला तर रेघ अडते, पातळ झाला तर पसरते. हे प्रमाण तिला आता त्यांच्यापेक्षा चांगलं कळतं, असं ते गिऱ्हाइकांसमोर सांगतात.

गिऱ्हाइकांसमोर बसणं हाही शिक्षणाचा भाग. एका संध्याकाळी एक गृहस्थ भावावरून अडून बसले. ऑनलाइन याच्या अर्ध्यात मिळते, म्हणाले. काका गप्प राहिले. मुलगीच बोलली: ती पीओपीची असेल, ही शाडूची आहे, सावलीत वाळवलेली, आणि हे हात मी जोडलेत. गृहस्थांनी हातांकडे बघितलं, मग तिच्याकडे. पन्नास रुपये कमी करून घेतलेच. गेल्यावर तिनं विचारलं की पन्नास कमी का केले. काका म्हणाले, “पन्नास त्यांना घरी सांगायला लागतात. तू भाव ठरवताना ते आधीच धरून ठेवायचे.”

गणपती गेले की शेड दोन दिवस बंद असते, आणि मग देवीचं काम येतं. देवीचे दागिने बारीक, साडीच्या निऱ्या अवघड आणि मुदत त्याहून कमी. आयटीआयच्या मुलाची परीक्षा होती, तरी संध्याकाळी तो साचे बघायला येत होता. मुलीनं घरी सांगून टाकलं होतं की बारावीनंतर मूर्तिकला. घरच्यांनी आधी बारावी तर हो म्हणून विषय पुढे ढकलला. त्या वर्षी काकांनी एका छोट्या देवीच्या डोळ्यांची आखणी तिला दिली. ती मूर्ती विकायची नाही, असं तिनं सुचवलं. काकांनी ऐकलं नाही. पाटावर ठेवली, भाव लिहिला, आणि आखणीचे पैसे तिच्या नावापुढे खडूनं मांडले.