मुख्याध्यापक : मालक नव्हे, कारभारी

जून महिन्यात शाळेची घंटा वाजते आणि मुख्याध्यापकांपुढे दोन प्रश्न उभे राहतात : प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळेल काय आणि हाती असलेली साधने वर्षभर पुरतील काय? धर्मग्रामात आपण शाळेविषयी पुष्कळ बोलतो. परंतु तिचा कारभार कसा चालतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

प्रथम माणसांचा विचार करू. भारतीय संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. मात्र या हक्काचा अर्थ मनमानी असा नव्हे. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती १९७७ च्या अधिनियमाने व १९८१ च्या नियमावलीने बांधलेल्या आहेत. सेवापुस्तक अद्ययावत ठेवणे, ज्येष्ठता यादी तयार करणे, गोपनीय अहवाल निःपक्षपातीपणे लिहिणे ही कामे रुक्ष वाटतात. तथापि सेवापुस्तकात एक नोंद राहून गेली, तर निवृत्तीच्या वेळी त्या शिक्षकाला निवृत्तिवेतनासाठी खेटे घालावे लागतात. म्हणून नोंद वेळेवर करणे हीदेखील माणसाची काळजीच होय.

अनुदानित शाळेत शिक्षकांची किती पदे असावीत, हे शासन संचमान्यतेद्वारे ठरवते आणि तिचा पाया म्हणजे पटसंख्या. पट घटला की पद जाते. वर्षानुवर्षे शिकविणारा शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचे समायोजन अन्य शाळेत होते. उरलेल्यांवर तासिकांचा भार वाढतो. कधी गणिताच्या शिक्षकाला इतिहासही शिकवावा लागतो. अशा वेळी वेळापत्रक आखताना कोणावर अन्याय होत नाही ना, हे पाहणे ही मुख्याध्यापकांची खरी कसोटी असते.

साधनांचेही तसेच आहे. बाके, प्रयोगशाळेतील उपकरणे, ग्रंथालयातील पुस्तके, संगणक यांची नोंद जडसंग्रह व साठा नोंदवह्यांत व्हावी लागते. वर्षातून एकदा प्रत्यक्ष मोजणी करावी, निकामी वस्तूंचे रीतसर निर्लेखन करावे, रोजकीर्द नित्य लिहावी. एका निमित्ताने जमलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवू नये. कुलपात जपून ठेवलेला सूक्ष्मदर्शक सुरक्षित असेल. पण मुलांच्या डोळ्यांना तो लागला नाही, तर त्याचा उपयोग काय? जमिनीत पुरून ठेवलेल्या रुपयाचा दाखला आपणांस परिचित आहेच.

व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्रात कॅथोलिक शाळेचे यश मुख्यत्वे शिक्षकांवर अवलंबून असल्याचे म्हटले आहे. शिक्षक टिकले तरच शाळा टिकेल. आणि शिक्षक टिकणे पटावर, म्हणजेच आपल्या निर्णयावर, अवलंबून आहे. आपल्या पूर्वजांच्या श्रमातून व देणग्यांतून उभ्या राहिलेल्या मराठी शाळेत आपण स्वतःची मुले पाठवीत नसू, तर तिच्या दुरवस्थेचा दोष केवळ मुख्याध्यापकांच्या माथी मारणे न्यायाचे ठरणार नाही. कारभारी ते असले, तरी ही ठेव आपणा सर्वांची आहे.