दुसऱ्या थरावर अडलेली तबकडी

मार्गशीर्षात चौलच्या डोंगरावर दत्तजयंतीची यात्रा भरते. समजा, तिचे चित्रीकरण तुम्ही दुहेरी थराच्या डीव्हीडीवर उतरवायला घेतले आणि निम्म्यावर काम अडले. तबकडी वाया गेली. असे का होते?

साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मजकूर मावतो. २००४ साली आलेल्या, लिहिता येणाऱ्या दुहेरी थराच्या डीव्हीडीत सुमारे ८.५ जीबी. लेझरचा किरण पहिला थर आतून बाहेर लिहितो. मग त्याच अर्धपारदर्शक थरातून आरपार जाऊन दुसरा थर बाहेरून आत लिहितो. हे वळण नाजूक, म्हणून घोटाळा बहुधा इथेच होतो.

आधी तबकडीची कड पाहा. बोटांचे ठसे असतील तर मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा. लिहिण्याचा वेग कमी ठेवा, २.४ किंवा ४ पट. चित्रीकरण आधी हार्ड डिस्कवर घ्या, इतर कामे बंद करा. तरीही अडले, तर दुसऱ्या कंपनीची तबकडी लावून पाहा. ती चालली, तर दोष पहिल्या तबकडीचा. तीही अडली, तर संशय यंत्रावर. साधी डीव्हीडी नीट लिहिली जाते म्हणून यंत्र निर्दोष ठरत नाही. दुहेरी थराला किरणाची शक्ती जास्त लागते आणि जुने लेझर तिथे कमी पडते.

शेवटी एक सांगतो. ‘काम पूर्ण’ एवढ्यावर विसंबू नका. तबकडी शेवटपर्यंत तपासा, दुसरी प्रत हार्ड डिस्कवर ठेवा आणि तोवर मूळ चित्रीकरण पुसू नका. तबकडी पुन्हा विकत मिळेल. त्या वर्षीची यात्रा मिळणार नाही.