गादीवरची कुस्ती (भाग ५) : हरल्यानंतरचे कांस्य

गेल्या आठवड्यात गुणांचा हिशेब पाहिला. पट काढून खाली घेतले की २ गुण, वर्तुळाबाहेर रेटले की १, आणि फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच निकाली. आज पूर्ण स्पर्धेचे निकालपत्रक वाचू.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या महाविद्यालयांतला मल्ल मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत जिंकला, की विद्यापीठाच्या संघातून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. २०२० पासून त्यापुढे खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आहे.

निकालपत्रकात प्रत्येक वजनगटात एक सुवर्ण, एक रौप्य आणि दोन कांस्य दिसतात. हे दुसरे कांस्य येते रेपेचेजमुळे. जोड्या सोडतीने ठरतात, त्यामुळे पहिल्याच फेरीत गटातल्या सर्वांत ताकदवान मल्लाशी गाठ पडू शकते. तो पुढे अंतिम फेरीत पोहोचला, तर त्याच्याकडून हरलेल्यांना पुन्हा संधी मिळते. अंतिम फेरीतले मल्ल दोन, म्हणून परतीच्या वाटा दोन आणि कांस्यही दोन. सकाळी चीतपट झालेला मुलगा पदक घेऊन घरी जातो, तो असा.

सांघिक विजेतेपदाचे गणितही इथेच आहे. जागतिक कुस्ती संघटनेच्या पद्धतीत सुवर्णाला २५, रौप्याला २० आणि प्रत्येक कांस्याला १५ गुण असतात. एका विद्यापीठाला एकच सुवर्ण मिळाले आणि दुसऱ्याला दोन कांस्ये, तर दुसरे २५ विरुद्ध ३०, म्हणजे ५ गुणांनी पुढे राहते. त्यामुळे एका नामवंत मल्लावर विसंबलेला संघ मागे पडतो आणि हरल्यावरही कंबर कसून उभी राहणारी पोरे करंडक आणतात.

खाशाबा जाधवांचे पदकही कांस्यच होते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा हा विद्यार्थी १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी जे कांस्य मिळवले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. सहाव्या क्रमांकावर समाधान न मानणाऱ्या विद्यार्थ्यामागे त्याचे महाविद्यालय उभे राहिले, म्हणून ते पदक आले.

आपल्या किनाऱ्यावर खेळ म्हटले की आधी कबड्डी आठवते. पकड घट्ट असलेली, कमरेतून जोर लावणारी मुले-मुली इथे गावोगाव आहेत. क्रीडाशिक्षकांनी त्यांना वजनगट समजावून द्यावेत, गादीवर उतरवावे आणि पहिल्या पराभवानंतर घरी पाठवू नये. पुढचा निकाल हाती आला की कांस्याच्या ओळी आधी वाचा. एखाद्या विद्यापीठाची तालीम किती खोल आहे ते तिथेच कळते.

(पुढील आठवड्यात : ग्रीको-रोमन कुस्तीत पायांना हात का लावत नाहीत?)