सुवर्णदुर्गाचे नाव धारण करणारा लंडनचा मनोरा

लंडनच्या आग्नेयेस शूटर्स हिलच्या वनराईत, कोपऱ्याकोपऱ्यावर षट्कोनी बुरूज असलेला जो 63 फुटी त्रिकोणी विटांचा मनोरा उभा आहे, त्याचे ‘सेव्हर्नड्रूग’ हे नाव आपल्या हर्णैच्या सुवर्णदुर्गावरून पडले आहे, हे प्रत्येक दुर्गप्रेमी मराठी माणसास ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स याने एप्रिल 1755 मध्ये, पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव यांच्याशी संधान बांधून, तुळाजी आंग्र्यांच्या या जलदुर्गावर ‘प्रोटेक्टर’ जहाजावरून तोफा डागल्या, आणि दारूचे कोठार पेटून स्फोट होताच किल्ला पाडाव झाला. आपल्याच दौलतीचे आरमार परक्याच्या साह्याने खच्ची करण्याचा तो पेशवाई निर्णय आजही जिव्हारी लागतो.

विलायतेस परतल्यावर जेम्स कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष, 1774 पासून वेस्ट लूचा पार्लमेंट सभासद आणि 1778 मध्ये बॅरोनेट झाला. त्याची सुविद्य पत्नी ॲन ही कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न याची जिवलग स्नेही होती. 1783 मध्ये पती निवर्तल्यावर तिनेच पुढल्या वर्षी वास्तुविशारद रिचर्ड जप याच्याकडून हे स्मारक उभारविले. कन्या एलिझाबेथ पार्किन्स घराण्यात पडली, आणि पुत्र एडवर्ड 1792 मध्ये निपुत्रिक वारल्याने ती सरदारकी संपुष्टात आली.