इनटेक बदलला, 4 एचपी वाढले. बरं, तापमान किती होतं?

गेल्या आठवड्यात एमटेकच्या एका ज्युनियरचा मेसेज आला. सोबत डायनो शीटचा फोटो, दोन रेषा, एक वर एक खाली. "दादा, आफ्टरमार्केट इनटेक लावला, 4 एचपी वाढले. प्रोजेक्टला हाच विषय घेऊ का?" बारा हजार रुपये त्याने स्वतःच्या खिशातून घातले होते, त्यामुळे उत्साह समजू शकतो. पण शीटवर तापमानाचा रकाना रिकामा होता, आणि तो रिकामा रकाना बघून माझ्या पोटात गोळा आला. का, ते पुढे सांगतो.

आधी हा भाग काय करतो ते बघू. टर्बो नसलेलं 1197 सीसीचं एक पेट्रोल इंजिन घ्या, स्विफ्टमध्ये होतं तसं, 6000 आरपीएमला 83 पीएस देणारं. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर हवा घेतं. म्हणजे 6000 आरपीएमला मिनिटाला साधारण 3600 लिटर, सेकंदाला 60 लिटर. ही हवा बाहेरून एका नळीतून डब्यात येते, फिल्टरमधून जाते, मग थ्रॉटलकडे. या वाटेवर जो अडथळा होतो त्याने दाब थोडा पडतो. आफ्टरमार्केट इनटेक विकणारा म्हणतो, मी हा अडथळा कमी करतो. खोटं नाही बोलत तो. प्रश्न किती, एवढाच आहे.

कागदावर हिशेब करा. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे 95 किलोपास्कल. समजा, फुल थ्रॉटलला मूळ इनटेकमध्ये 2 किलोपास्कल पडतात. म्हणजे अडथळा अगदी शून्य केला तरी मिळणार जेमतेम 2 टक्के. निम्मा केला तर 1 टक्का, 83 पीएसवर एक पीएससुद्धा नाही. आता दुसरी बाजू. उघडा कोन फिल्टर बॉनेटखाली बसवला आणि आत जाणारी हवा 35 ऐवजी 50 अंशांची झाली, तर घनता साडेचार टक्क्यांनी घटते. पॉवर तितकी घटत नाही, कारण हवा पुढे पोर्टमध्ये तशीही तापते. करेक्शनच्या सूत्रात म्हणूनच तापमानाचं वर्गमूळ असतं. तरी दोनेक टक्के गेलेच. एक कमावला, दोन घालवले.

डायनोवर मात्र हे दिसत नाही! तिथे बॉनेट उघडं असतं, समोर मोठा पंखा असतो, कोनाला मस्त गार हवा मिळते. सिग्नलला दहा मिनिटं अडकलेल्या गाडीत ती कुठून मिळणार?

आता माझी गोष्ट. पहिल्या वर्षी मी मूळ इनटेकचे रन मे महिन्यात दुपारी घेतले, 38 अंशांत. नवा इनटेक बसवेपर्यंत संध्याकाळ झाली, म्हणून त्याचे रन दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, 24 अंशांत. सॉफ्टवेअरमध्ये तापमान हाताने टाकावं लागायचं आणि मी कालचंच राहू दिलं. 2 एचपी वाढ दिसली. इतका खूश झालो की कॉन्फरन्सला अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवून मोकळा. गाइडनी आलेख बघून एकच विचारलं, "तापमान?" वहीत दोन्ही दिवसांचं लिहिलेलं होतं, हे नशीब. नुसत्या तापमानाच्या फरकाचा हिशेब केला तर जवळजवळ तेवढेच 2 एचपी निघाले. इनटेकच्या वाट्याला काहीच उरलं नाही. अ‍ॅबस्ट्रॅक्ट मागे घ्यायचा ईमेल लिहायला मला अख्खी दुपार लागली.

नंतर जसं करायला हवं होतं तसं केलं: जुना, नवा, नवा, जुना. दिवसभरात हवा एकसारखी तापत किंवा गार होत गेली तर या क्रमात दोघांच्या वाट्याला ती सारखीच येते. प्रत्येक वेळी तीन रन, आणि रन सुरू करताना ऑइल आणि कूलंटचं तापमान तेच. एकच गाडी, काहीही न बदलता, लागोपाठ पळवली तरी आकडे टक्काभर सहज हलतात. तुमचा फरक या हलण्यापेक्षा मोठा नसेल तर तो फरक म्हणून मांडू नका. माझा नव्हता.

डायनो परवडत नसेल तर याहून चांगली गोष्ट आहे, आणि ती शंभर रुपयांत होते. पारदर्शक नळी, यू आकारात वाकवलेली, त्यात रंगीत पाणी. एक टोक मोकळं, दुसरं फिल्टरनंतरच्या भागाला जोडलेलं. पाण्याच्या पातळीत 102 मिलिमीटर फरक म्हणजे 1 किलोपास्कल. (पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही इतकी नळी उंच ठेवा. मला विचारू नका कसं कळलं.) आधी नळीनंतर, मग फिल्टरच्या आधी, मग नंतर, मग थ्रॉटलच्या तोंडाशी, असं मोजत गेलात की अडथळा नेमका कुठे आहे ते कळतं. फिल्टरवर पैसे घालायचे आणि दाब पडतोय वाकड्या नळीत, असं होऊ शकतं.

मायलेज वाढतं म्हणतात, त्याचं काय? रोजच्या चालवण्यात थ्रॉटल अर्धवट बंद असतो, म्हणजे सगळ्यात मोठा अडथळा आपण स्वतःच पायाने ठेवलेला असतो. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने 2009 मध्ये चक्क तुंबलेले फिल्टर लावून बघितलं. आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचं मायलेज फारसं हललं नाही. पिकअपवर मात्र परिणाम झाला.

अजून एक सापळा. काही गाड्यांमध्ये हवा मोजणारा एमएएफ सेन्सर इनटेकच्या नळीतच असतो. नळीचा व्यास बदलला की तेवढ्याच हवेचा वेग बदलतो, सेन्सर चुकीचं मोजतो. हळू चालवताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून सावरून घेतो, फुल थ्रॉटलला मात्र ठरलेल्या तक्त्यावर चालतो आणि मिश्रण बदलतं. मग वाढलेली पॉवर जास्त हवेची की बदललेल्या मिश्रणाची? एअर-फ्युएल रेशो सोबत नोंदवला नसेल तर सांगता येणार नाही.

आणि धूळ. फिल्टरची चाचणी आयएसओ 5011 प्रमाणे होते, त्यात अडथळा आणि धूळ पकडण्याची क्षमता दोन्ही मोजतात. जाहिरातीत बहुतेक फक्त पहिला आकडा असतो. 99 टक्के धूळ पकडणारा आणि 98 टक्के पकडणारा, फरक एकाचाच वाटतो ना? इंजिनात जाणारी धूळ दुप्पट होते. आपल्या रस्त्यांवर मला हा आकडा एचपीच्या आधी बघावासा वाटतो.

तरीही इनटेक घ्यायचाच असेल तर बंद डब्याचा, बॉनेटच्या बाहेरून हवा ओढणारा, सेन्सरच्या जागी मूळचाच व्यास ठेवणारा घ्या. टर्बो गाडीत बूस्ट वाढवला असेल तर मी घेईनसुद्धा: दाबातली घट प्रवाहाच्या वर्गाने वाढते, हवा 1.4 पट झाली की घट दुप्पट. आवाजासाठी घेत असाल तर तसं मोकळेपणाने म्हणा. मूळ डब्याचे कप्पे आवाज दाबायलाच असतात. ते गेले की गाडी गुरगुरते, आणि गुरगुरणारी गाडी पळतेय असंच वाटतं. म्हणून "चालवून बघितली, फरक जाणवतो" हा डेटा नाही.

ज्युनियरला मी विषय नको असं म्हणालो नाही. तापमान, रनचा क्रम आणि एअर-फ्युएल रेशो, एवढंच विचारलं. दोन दिवस गप्प होता. काल मेसेज आला: "दादा, जुना डबा टाकला नाहीये अजून. रविवारी परत डायनोवर जातोय. येतोस का?" यू नळी घेऊन जाणार आहे.