पालवणकर बाळू : चेंडू चालला, कपबशी चालली नाही

धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या पालवणकर बाळूंनी पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर चाकरी धरली. खेळपट्टी लाटावी, जाळे बांधावे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत, एवढेच काम. ग्रेगसारखा निष्णात फलंदाज तासन्‌तास त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करी; बाळूंच्या हाती बॅट मात्र दिली जात नसे. त्या सरावातूनच त्यांची गोलंदाजी घडली.

पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडू निःशंक झेलत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. असा हा विटाळ! चेंडूला तो कसा लागत नसे, हे त्या मंडळींनाच ठाऊक.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या इंग्लंड दौऱ्यात संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी शंभरांहून अधिक बळी मिळवले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. आपल्याला रुचणारी ही गोष्ट नव्हे, पण ती वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बाबासाहेब विजयी झाले. 1955 मध्ये बाळू निवर्तले. पुढच्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली.