मोटारीच्या क्लचचे विकार व त्यांची परीक्षा

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे कोल्हापुराभोंवतालच्या रस्त्यांवर ऊसाच्या ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. त्यांच्यामागें चालक अर्धा क्लच दाबून रखडत राहतो. आणि पुढें कोंकणांतून परततांना आंबा घाटांत जळका वास आला, कीं "क्लच गेला" असें ठरवून गाडी मिस्त्र्याच्या हवालीं करितो. क्लच बदलणें म्हणजे गियरपेटी उतरविणें, व मजुरी त्याचीच फार होते. फेरफाराची नोंद चौकशीवांचून मंजूर करूं नये, हा महसुली नियम आम्हांस येथेंही लागू वाटतो.

क्लचमध्यें घर्षणाचें अस्तर असलेली एक तबकडी असते. ती स्प्रिंगच्या जोरानें इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दाबून धरलेली असते; पेडल दाबलें म्हणजे पकड सुटते. म्हणून मुख्य विकार दोन: पकड नीट न बसणें, किंवा नीट न सुटणें. ते परस्परविरुद्ध आहेत व त्यांचे उपायही निराळे आहेत.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, परंतु वेग त्या मानानें वाढत नाहीं, तर पकड निसटत आहे. चढावर वरच्या गियरमध्यें हें प्रथम दिसतें. परीक्षा पाहणें असल्यास मोकळ्या सपाट जागीं, पुढेंमागें कोणी नसतांना, चाकांस दगड लावून हातब्रेक ओढावा. उजव्या पायानें ब्रेक घट्ट दाबून चौथ्या गियरमध्यें क्लच सावकाश सोडावा. इंजिन बंद न पडतां चालूच राहिलें, तर क्लच निकामी झाला आहे. बंद पडलें तरी निर्धास्त राहूं नये, कारण थोडी झिजलेली तबकडी घाटांतच उघडी पडते. ही परीक्षा वारंवार करूं नये, तबकडी तापते.

निसटण्याचें कारण झीज असेलच असें नाहीं. इंजिनाच्या मागील सीलमधून तेल गळून अस्तर भिजतें. तें सील न बदलतां नवी तबकडी घातल्यास तीही भिजणार. केबलीच्या गाड्यांत पेडलास आरंभीं थोडी मोकळी चाल लागते. ती नाहींशी झाली असल्यास पाय उचलला तरी कांहीं दाब उरतो. हें काम नट फिरविण्याचें आहे, गियरपेटी उतरविण्याचें नव्हे. पेडलावर पाय ठेवून गाडी हांकणाऱ्यासही हेंच फळ मिळतें.

उलट, पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स गियर करकरत असेल किंवा गाडी पुढें ओढत असेल, तर पकड सुटत नाहीं. प्रथम पेडलाखालीं चटई तर अडकली नाहीं ना, तें पहावें! नंतर केबल सैल आहे काय तें तपासावें. तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असल्यास पेडल दोन-तीन वेळां भराभर दाबावें. त्यानें गियर नीट पडला, तर नळींत हवा शिरली आहे किंवा तेल गळत आहे. तबकडीस दोष देऊं नये.

आवाजाविषयीं इतकेंच कीं, पेडल दाबतांना घरघर येत असल्यास रिलीज बेअरिंग झिजलें आहे. न्यूट्रलमध्यें येणारी घरघर पेडल दाबतांच थांबत असेल, तर बहुधा गियरपेटींतील बेअरिंग पहावें लागेल. गियरपेटी उतरविलीच, तर तबकडीबरोबर रिलीज बेअरिंगही नवें घालावें.